धाकटीला मत आहे, थोरल्याला नाही: ऑकलंडच्या स्कूल बोर्डाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये राहणारं मराठी कुटुंब, आई-वडील दोघंही ग्रीन कार्डवर. थोरला मुलगा १७ वर्षांचा, जन्म पुण्याचा. धाकटी १६ ची, जन्म इथलाच. दोघांनीही शाळेतून मतदार नोंदणीची माहिती घरी आणली. आई विचारतात: १६ व्या वर्षी स्कूल बोर्डाच्या, म्हणजे शहरातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या निवडणुकीत मत देता येतं हे खरं का? आम्हालाच मत नाही, मग तिनं द्यावं का? मुळात एवढ्या लहान मुलांना मत देणं शहाणपणाचं आहे का? शिवाय पुण्यात शिक्षक असलेला भाऊ म्हणतो की हे आपल्याकडेही यायला हवं, त्याचं काय?

ताई, आधी थोरल्याचं बोलू, कारण घाई तिथे आहे. त्याने तो फॉर्म भरू नये. फॉर्मवर 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' अशी खूण करायची असते आणि खाली शपथेवर सही असते. ग्रीन कार्डवरच्या माणसाने ती सही केली तर नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यासारखं होतं. इमिग्रेशनच्या कायद्यात हा दोष सहज धुऊन निघत नाही, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो आडवा येतो आणि देशाबाहेर काढण्याचं कारणही होऊ शकतो. 'शाळेतच दिला होता, सगळे भरत होते' हे सांगून सुटका होईल यावर विसंबू नका. वर्गातल्या नोंदणीच्या टेबलावर बसलेले स्वयंसेवक कोण नागरिक आहे ते तपासत नाहीत. ते त्यांचं कामही नाही. सही झाली असेल तर कुणालाही काही कळवण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठा. झाली नसेल तर फॉर्म बाजूला ठेवा आणि एक गोष्ट पाहा: तो १८ चा होण्याआधी तुमच्या दोघांपैकी एकाचं जरी नागरिकत्व झालं आणि तो ग्रीन कार्डवर तुमच्याबरोबर इथेच राहत असेल, तर सन २००० च्या कायद्यानुसार तो आपोआप नागरिक होतो. तुमचा अर्ज रखडला असेल तर तो हलवायला याहून चांगलं कारण नाही.

धाकटीला मात्र स्कूल बोर्डासाठी मत आहे, कारण इथे जन्मल्यामुळे ती नागरिक आहे, आणि ते मोठ्यांइतकंच पूर्ण मत आहे. मी या काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्ह्यात, बरीच वर्षं निवडणुकीची कामं करतो, मतदान केंद्रावर बसतो, शाळांतून नोंदणीची टेबलं लावतो. घरात आई-वडिलांना मत नाही आणि पोरीला आहे, ही स्थिती पालकांना विचित्र वाटते हे मी पुष्कळदा पाहिलंय. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोत नेमकं उलट आहे. तिथे २०१६ च्या ठरावानंतर नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मत देता येतं, पण १६ वर्षांच्या मुलांना नाही. मुलांना शहराच्या निवडणुकांत मत देण्याचा प्रस्ताव तिथे २०१६ आणि २०२० असा दोनदा पडला, दुसऱ्यांदा अगदी थोडक्यात. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत तर २०२२ ला असा प्रस्ताव अवघ्या १६ मतांनी पडला. आकडाही नेमका तोच यावा!

हे एका शहरात चालतं आणि पलीकडच्यात नाही, याचं कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या घटनेतली १९७१ ची सव्विसावी दुरुस्ती एवढंच म्हणते की १८ आणि त्यावरच्या नागरिकाला वयाच्या कारणाने मत नाकारता येणार नाही. त्याखाली जायला ती मनाई करत नाही. कॅलिफोर्निया राज्याच्या निवडणुकांत वय १८ च आहे, पण ज्या शहरांची स्वतःची सनद, म्हणजे चार्टर आहे, त्यांना आपल्या स्थानिक कारभाराचे आणि स्कूल बोर्डाच्या निवडणुकीचे काही नियम स्वतः ठरवता येतात. ऑकलंड आणि शेजारचं बर्कली ही चार्टर शहरं आहेत. आपली मराठी मंडळी जिथे जास्त आहेत, त्या फ्रीमाँट किंवा क्युपर्टिनोला चार्टर नाही. त्यामुळे तिथले मित्र 'आमच्याकडेही करू' म्हणाले तर सह्या गोळा करण्याआधी त्यांना हे सांगा.

१६ व्या वर्षी स्कूल बोर्डासाठी मत देण्याचं मेझर (मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) वाय-वन बर्कलीच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये मंजूर केलं, सुमारे ७० टक्के मतांनी. ऑकलंडने नोव्हेंबर २०२० मध्ये मेझर क्यूक्यू, दोन तृतीयांशाच्या आसपास मतांनी. या दोन्ही शहरांतल्या मुलांनी प्रत्यक्ष मत दिलं ते थेट ५ नोव्हेंबर २०२४ ला. बर्कलीत १६ व्या वर्षी दारोदार फिरून ज्यांनी वाय-वनचा प्रचार केला, ती मुलं तोवर २४ ची झाली होती. ठराव शहराचा असला तरी निवडणूक काउंटीच्या रजिस्ट्रारचं, म्हणजे निवडणूक अधिकाऱ्याचं कार्यालय चालवतं. त्यांना वेगळी यादी हवी, वेगळी मतपत्रिका हवी, ती वाचणारी आणि मोजणारी यंत्रणा हवी, आणि त्या सगळ्याची चाचणी हवी. कुणाचा विरोध होता असं नाही. काम दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर आहे असं प्रत्येकाला वाटत राहिलं.

या उशिराची किंमत ऑकलंडच्या मुलांनी मोजली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या बोर्डाने घटती पटसंख्या आणि पैशांची ओढाताण या कारणांनी काही शाळा बंद करायचं आणि काही एकत्र करायचं ठरवलं. मुलांनी वर्ग सोडले, मोर्चे निघाले, शाळेतले दोन कर्मचारी उपोषणाला बसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बोर्डाच्या तीन जागांची निवडणूक झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये नव्या बोर्डाने बंद होणाऱ्या पाच शाळांचा निर्णय मागे घेतला. म्हणजे बोर्डात कोण बसतं याने शाळेचं दार उघडं राहतं की बंद होतं, हे त्या वर्षी सगळ्या शहराने पाहिलं. मतदारांनी मुलांना हक्क देऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि त्या निवडणुकीत एकाही १६ वर्षांच्या मुलाला मत देता आलं नाही.

म्हणून कुणी मला विचारलं की वय खाली आणावं का, तर मी आधी विचारतो की निवडणुकीचं वेळापत्रक पाहिलंय का. ऑकलंडच्या बोर्डावर सात जागा आहेत, प्रत्येक जागा एका भागाची, मुदत चार वर्षं. २०२४ ला १, ३, ५ आणि ७ या भागांत निवडणूक होती. २, ४ आणि ६ ची पाळी २०२६ ला. आता हिशेब करा. १६ ते १८ ही खिडकी दोन वर्षांची, आणि तुमच्या भागाची निवडणूक चार वर्षांतून एकदा. म्हणजे ऑकलंडच्या कुठल्याही भागातली साधारण निम्मी मुलं हा हक्क एकदाही न वापरता १८ ची होतात. शेजारी बर्कलीत भाग नाहीत, सगळं शहर मिळून पाच सदस्य निवडतं आणि दर दोन वर्षांनी काही जागा लागतात, त्यामुळे तिथे प्रत्येकाला एक संधी मिळते. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये नऊपैकी तीन जागा दरवर्षी एप्रिलमध्ये लागतात, म्हणजे तिथल्या मुलाला दोन संधी. एकच सुधारणा, पण वेळापत्रकामुळे कुणाला शून्य, कुणाला एक, कुणाला दोन. प्रचाराच्या पत्रकांत याचा उल्लेख मी कधी पाहिलेला नाही.

नेवार्कबद्दल आणखी थोडं, कारण एडिसन आणि जर्सी सिटीकडच्या आपल्या लोकांच्या बोलण्यात ते येतं. तिथल्या नगर परिषदेने जानेवारी २०२४ मध्ये वटहुकूम काढला, सार्वमत घेतलं नाही. मुलांचं पहिलं मतदान एप्रिल २०२५ मध्ये झालं. नोंदणी बरी झाली होती, प्रत्यक्ष मतं फार थोडी पडली. विरोधकांनी लगेच 'बघा, मुलांना हवंच नव्हतं' असा सूर लावला. पण नेवार्कच्या एप्रिलमधल्या स्कूल बोर्ड निवडणुकीला मोठी माणसंही फिरकत नाहीत, मतदानाची टक्केवारी एकआकडी असते. वडील, काका, शेजारी कुणी जात नाही त्या निवडणुकीला पोरं रांग लावतील ही अपेक्षाच चुकीची. मेरीलँडमधलं टाकोमा पार्क हे अमेरिकेत १६ व्या वर्षी स्थानिक मत देणारं पहिलं शहर. तिथे २०१३ मध्ये नोंदणी केलेल्या १६-१७ वर्षांच्या मुलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त मुलांनी मत दिलं, तर एकूण मतदारांत हा आकडा दहा टक्क्यांच्या आसपास होता. ते छोटं शहर आहे, निवडणूकही शाळेची नव्हती, नगर परिषदेची होती. त्यामुळे तो आकडा घेऊन नाचायलाही मी जाणार नाही.

आता तुमच्या धाकटीच्या कागदांकडे येऊ. वर्गातल्या टेबलावर मुलं कुठे अडतात? ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र असेल तर ऑनलाइन नोंदणी पाच मिनिटांत होते, सही मोटार वाहन खात्याकडून आपोआप येते. ते नसेल तर सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे विचारतात. ते मुलांना ठाऊक नसतात, कार्ड घरी कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. मग टेबलाभोवती एकच दृश्य दिसतं: फोन काढून आईला मेसेज, आई मीटिंगमध्ये, तास संपल्याची घंटा, आणि अर्धवट फॉर्म दप्तरात. तो फॉर्म पुन्हा बाहेर येतच नाही. तुम्ही आजच ते चार आकडे तिला देऊन ठेवा.

दुसरी अडचण सहीची. इथे मतपत्रिका टपालाने घरी येते, निवडणुकीच्या साधारण चार आठवडे आधी निघते. मुलांच्या पत्रिकेवर फक्त स्कूल बोर्डाची एक जागा असते, राष्ट्राध्यक्ष नाही, महापौर नाही. ती भरून पाकिटात घालायची आणि पाकिटावर बाहेर सही करायची. कार्यालयात ती सही नोंदणीच्या सहीशी ताडून पाहतात. सोळाव्या वर्षी सही कुठे बसलेली असते? एकीकडे वळणदार पूर्ण नाव, दुसरीकडे दोन अक्षरं आणि एक फराटा. जुळली नाही तर कार्यालयाकडून पत्र येतं आणि सही दुरुस्त करायला मुदत मिळते, पण ते पत्र बिलांच्या ढिगात राहिलं की मत बाद. टपालातून येणाऱ्या तरुण मतदारांच्या मतांना हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. लेकीला सांगा, नोंदणीला केली तीच सही, तशीच. पहिल्यांदा बँकेत खातं उघडणाऱ्याला आपल्याकडे वडील हेच सांगायचे.

आणि भागाचा क्रमांक पत्त्यावरून आधी बघून घ्या. तुमचं घर २, ४ किंवा ६ मध्ये असेल तर २०२६ च्या नोव्हेंबरात तिला मत आहे. १, ३, ५, ७ असेल तर तिची पाळी २०२८ ला, तोवर ती १८ ची झालेली असेल आणि सगळ्याच निवडणुकांत मत देईल. शाळा कुठली हे इथे पाहत नाहीत, राहता पत्ता पाहतात. खासगी शाळेतलं पोरही पत्ता शहरातला असेल तर मतदार.

आता शहाणपणाचा प्रश्न. तीन आक्षेप नेहमी येतात. मेंदू अजून पक्व नसतो, हा पहिला, आणि तो सगळ्यात कच्चा. टेंपल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोरवयीन मुलांच्या निर्णयांवर आयुष्यभर काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की घाईत, मित्रांच्या गराड्यात, भावनेच्या भरात मुलं मोठ्यांपेक्षा वाईट निर्णय घेतात, पण शांतपणे माहिती तोलून घ्यायच्या निर्णयांत १६ व्या वर्षी ती मोठ्यांच्या बरोबरीला येतात. टपालाने आलेली मतपत्रिका घरच्या टेबलावर भरणं हे दुसऱ्या प्रकारात मोडतं.

आई-बाप सांगतील तसं मत देतील, हा दुसरा. २०१४ च्या स्कॉटलंडच्या सार्वमतात १६-१७ वर्षांच्यांना मत होतं. तिथल्या पाहणीत ४० टक्क्यांहून जास्त मुलांचा कल त्यांच्या पालकापेक्षा वेगळा निघाला. तुमच्या घरी तर तुम्हाला मतच नाही, तेव्हा निदान 'आमच्यासारखं दे' म्हणायची सोय नाही!

तिसरा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, तो शिक्षकांचा. बोर्ड शिक्षकांचा पगार ठरवतं, शिक्षक संघटना उमेदवारांना पाठिंबा देते, पैसा आणि माणसं लावते. ऑकलंडमध्ये २०१९ आणि २०२३ मध्ये शिक्षकांचे संप झाले. त्याच शिक्षकासमोर मतदार वर्गात बसलेले, आणि त्यांचे गुण त्याच्या हातात. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेत शाळेची साधनं कुठल्याही उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरायला बंदी आहे, आणि बहुतेक शिक्षक ती पाळतात. पण फळ्यावर नाव न लिहिताही माणूस पुष्कळ काही सांगून जातो. याचा उपाय मुलांचं मत काढून घेणं हा नाही. नोंदणी आणि उमेदवारांची ओळख बाहेरच्या संस्थांनी करून द्यावी, वर्गशिक्षकाने नाही, इतकं जरी काटेकोर पाळलं तरी पुष्कळ होईल. मी टेबल लावतो तेव्हा शिक्षकांना दाराबाहेर थांबायची विनंती करतो. काहींना राग येतो. येऊ द्या.

मला स्वतःला याहून वेगळी काळजी वाटते. १६ वर्षांच्या मुलीला शाळा आतून माहीत असते: कुठला बाथरूम कायम बंद, कुठल्या विषयाला वर्षभर बदली शिक्षक, समुपदेशकाची वेळ कधीच का मिळत नाही. बोर्डावर बसलेल्या कित्येकांपेक्षा तिला हे जास्त कळतं. पण बोर्डाचं मुख्य काम पैशांचं असतं आणि ते वर्गातून दिसत नाही. कॅलिफोर्नियात शाळांना पैसा मिळतो तो पटावरच्या संख्येवर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर. गैरहजेरीचा फोन घरी येतो तेव्हा त्यामागे तिच्या अभ्यासाची काळजी असते तशी तिजोरीचीही असते. ऑकलंडचा शालेय जिल्हा, म्हणजे या बोर्डाच्या हाताखालचा शाळांचा सगळा कारभार, २००३ मध्ये एवढा अडचणीत आला की राज्याने १० कोटी डॉलरचं कर्ज देऊन कारभार हातात घेतला. २००९ पर्यंत निवडून आलेल्या बोर्डाला खरा अधिकारच नव्हता. हिशेब बिघडला की सोळाचं असो की साठचं, मताची किंमत शून्य होते. प्रत्येक शालेय जिल्ह्याला दरवर्षी खर्चाचा आणि उद्दिष्टांचा आराखडा करावा लागतो, आणि तो करताना विद्यार्थ्यांचं म्हणणं घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या लेकीने उमेदवारांची भाषणं ऐकण्याआधी आपल्या शाळेच्या वाट्याचं त्यातलं पान वाचावं. मग उमेदवाराला एकच विचारावं: हे करायला पैसे कुठून काढणार आणि कुठले कापणार? उत्तर देताना जो अडखळतो त्याला दुसरी पसंती. ऑकलंडमध्ये पसंतीक्रमाने मत देतात, त्यामुळे एकालाच धरून बसायची गरज नाही.

पसंतीक्रमाची मोजणी किती नाजूक असते हेही तिला सांगा. २०२२ मध्ये भाग ४ च्या स्कूल बोर्डाचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यावर कळलं की मोजणीच्या यंत्रणेतली एक सेटिंग चुकीची होती आणि विजेता वेगळाच होता. ते प्रकरण कोर्टात जाऊन निस्तरलं. अशा भागात पाच-पन्नास मुलांची मतंही निकाल फिरवू शकतात.

राहिलं भावाचं म्हणणं. त्याला सांगा, आपल्याकडे याचं सरळ रोपण होणार नाही, कारण महाराष्ट्रात जनतेने थेट निवडलेलं स्कूल बोर्डच नाही. महापालिकांची शिक्षण मंडळं होती तेव्हाही त्यांचे सदस्य नगरसेवक निवडत, मतदार नाही. १९८८ च्या एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने २१ चं १८ झालं ते लोकसभा आणि विधानसभेसाठी. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात, म्हणून तिथेही १८. शिक्षण हक्क कायद्याने आलेली शाळा व्यवस्थापन समिती ही त्यातल्या त्यात जवळची गोष्ट. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. आपलं १६ वर्षांचं पोर दहावी देऊन कॉलेजात अकरावीला गेलेलं असतं, ज्या शाळेबद्दल ते बोलू शकलं असतं ती सोडून. अमेरिकेत हायस्कूल बारावीपर्यंत एकाच इमारतीत असतं, म्हणून १६ चं वय तिथे नेमकं बसतं.

जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक मात्र झोकात होते. मोबाइलवर मतदान यंत्राचं ॲप, बोटाला शाई, आचारसंहिता, सगळं असतं. मग पुढचं वर्षभर आरोग्यमंत्री पाण्याची टाकी झाकली आहे का ते बघतो आणि शिक्षणमंत्री परिपाठाला उभा राहतो. भावाला खरंच काही करायचं असेल तर त्या मंत्रिमंडळाला शाळेच्या अनुदानातली थोडी रक्कम खरीखुरी ठरवायला द्यावी, ती कशावर खर्ची पडली ते फलकावर लिहावं, आणि व्यवस्थापन समितीच्या बैठकीत त्यांनाच वाचून दाखवू द्यावं. त्याला कुठली घटनादुरुस्ती लागत नाही, मुख्याध्यापकांची तयारी लागते.